पोहे शेवेशिवाय चालतील, गोळ्यांचं काय?

संपादक महाशय, स.न.वि.वि.

कोरोनामुळे २२ मार्च २०२०ला जनता कर्फ्यू होता, त्या संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्यावर थाळ्या वाजवत जी गर्दी जमली ती बघून कपाळावर हात मारला, कर्फ्यू घरात बसायला होता की मिरवणूक काढायला? मग २४ला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि लोक किराण्यावर तुटून पडले, आमच्या शेजारी तर पिठाची पोती जिन्यात रचलीत, पण रोजच्या मजुरीवाल्याने काय रचायचं? सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार बंद, छप्पन दुकानची खाऊगल्ली बंद, पोहे शेवेशिवाय खातोय (इंदुरी माणसाला ही शिक्षाच), चालतंय. निगमने (म्हणजे महापालिकेने) कचरागाडीवर किराण्याच्या याद्या घ्यायचं मस्त डोकं चालवलं, तर एकट्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठीपण त्याच गाडीवाल्याकडे देता येऊ द्या ना.

— एक वाचक, इंदूर