मवाळांना मते नाहीत, हे खरे नव्हे

महोदय,

मेरीलँडच्या गव्हर्नरपदासाठी २०२२ मध्ये झालेल्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीचा (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या मतदानाचा) दाखला देऊन मवाळ उमेदवारांचा जनाधारच संपल्याचा जो निष्कर्ष कालच्या अंकातील लेखात काढला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. मी याच राज्यात राहतो आणि त्या निवडणुकीतील मवाळ उमेदवार केली शुल्झ यांना मत देण्याची माझी मनापासून इच्छा होती. परंतु येथे पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाकडे नोंदणी असलेलेच मत देऊ शकतात आणि माझी नोंदणी कोणत्याच पक्षाकडे नसल्याने मतदान केंद्रावर जी मतपत्रिका माझ्या हाती आली, तिच्यावर फक्त शिक्षण मंडळाच्या उमेदवारांची नावे होती. पक्ष नोंदवण्याची मुदत तीन आठवड्यांपूर्वीच संपल्याचे तेथील बाईंनी नम्रपणे सांगितले. त्यांचा काहीच दोष नव्हता. पण माझ्यासारख्या मतदारांना जिथे दारच बंद आहे, त्या निवडणुकीचा निकाल हा जनतेचा कौल कसा?

याहून संतापजनक गोष्ट लेखात आलेलीच नाही. शुल्झ या तत्कालीन रिपब्लिकन गव्हर्नर लॅरी होगन यांच्या सरकारमध्ये वाणिज्य सचिव होत्या. डेमोक्रॅट मतदारांची नोंदणी रिपब्लिकनांच्या जवळपास दुप्पट असलेल्या या राज्यात होगन २०१४ आणि २०१८ मध्ये निवडून आले, ते मवाळपणाच्याच बळावर. शुल्झही नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत जड जातील, हे ओळखून डेमोक्रॅटिक गव्हर्नरांच्या संघटनेने त्यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी डॅन कॉक्स यांच्याविषयीच्या जाहिरातींवर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली. कॉक्स हे ट्रम्प यांच्या फार जवळचे आहेत, ही त्यांतील वरकरणी टीका कट्टर रिपब्लिकन मतदारांच्या कानी स्तुती म्हणूनच पडणार होती. सुमारे ४३ टक्के मते मिळवूनही शुल्झ पडल्या आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट उमेदवार वेस मूर यांच्यासमोर कॉक्स यांना जेमतेम ३२ टक्के मते मिळाली.

मूर यांना मीही मत दिले. मात्र लोकशाही धोक्यात असल्याचे आम्हाला रोज बजावणाऱ्या पक्षाच्या संघटनेने ६ जानेवारी २०२१ च्या, संसदेवरील हल्ल्याआधीच्या वॉशिंग्टनमधील ट्रम्प यांच्या सभेसाठी बसगाड्यांची सोय करणाऱ्या उमेदवाराचा मार्ग स्वतःच्या पैशाने सुकर करावा, याचा मला आजही राग येतो. हा भाग वगळून सगळा दोष मवाळपणाच्या माथी मारणे हा शुल्झ यांच्यावर आणि त्यांच्या मतदारांवर अन्याय आहे.

आणखी एक. ज्यांच्या पराभवावर हा लेख आहे, त्यांचे साधे छायाचित्रही त्यात नाही. ट्रम्प यांचे मात्र ठळकपणे छापले आहे. अमेरिकेतील राज्यांच्या निवडणुकांविषयी लिहिताना ही प्रथा आपण बंद करावी, ही विनंती.

– एक वाचक, रॉकव्हिल (मेरीलँड)