शिक्षणमंत्री साहेब, पाचवीत जाणाऱ्या दिव्यांग मुलांच्या दाखल्याला एक कागद कमी पडतोय

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. घरी शिलाई मशीन चालवते, आमचे हे केळीच्या गाड्या भरायला जातात. मोठा मुलगा स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात ते, आता सातवीत आहे. पण पत्र त्याच्यासाठी नाही, त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

झेडपीच्या शाळेत चार वर्षं त्याला एकच बाई होत्या. शाळेची घंटा म्हणजे निंबाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. ह्याला आवाजाचं फार, घरात कुकरची शिट्टी झाली तरी कान दाबून खाटेखाली जातो, तर बाईंनी काय केलं की घंटा वाजवायचं कामच त्याला देऊन टाकलं, म्हणजे आवाज कधी होणार हे त्याच्याच हातात आलं ना. दुसरीपासून शाळेची घंटा माझा पोऱ्या वाजवायचा. सर लोकांच्या गप्पा संपल्या नसल्या तरी हा टायमाला ठणठण. हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं मला वाटत नाही, बाईंना ते त्याच्याकडे बघून बघून सुचलं.

मग पाचवीला तालुक्याच्या हायस्कूलला टाकला, कारण गावात चौथीपर्यंतच आहे. (शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, 2009 चा, त्यात पाचवीपर्यंत प्राथमिक असं स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे पाचवी कोणाला जोडायची यावरच वर्षानुवर्षं चर्चा, असो.) पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होता. गेटवर ढोल-ताशा, गुलाबाचं फूल, फोटो. मुलांसाठी हौसेने करता, माझा त्याच्यावर राग नाही, बाकीची मुलं नाचत होती. माझा गेटवरच खाली बसला, कान धरून, "माले भ्याव लागस, माले भ्याव लागस" (मला भीती वाटते) एवढंच. आम्ही घरी आणला. नंतर पंधरा दिवस तो त्या रस्त्याने चालायला पण तयार नव्हता.

गेला एकदाचा, तर तिथे दर 35 मिनिटांनी नवीन सर, साठ-पासष्ट पोरं, आणि इलेक्ट्रिक बेल जी कधी वाजेल त्याला माहीत नाही. पाणी पाहिजे असलं तर तो मागत नाही, बाटलीचं झाकण नखाने टकटक वाजवतो. बाईंना ते माहीत होतं, अख्ख्या चौथीला माहीत होतं, कोणीतरी पोरगं उठून झाकण उघडून द्यायचं. नवीन वर्गात सरांना वाटलं मुद्दाम डिस्टर्ब करतोय, त्यांनी बाटली काढून कपाटात ठेवली. दोन दिवस. जूनमधला आमच्याकडचा उकाडा तुम्ही पाहिला असेल, पाऊस नाही आणि अंगाला नुसत्या धारा. तिसऱ्या दिवशी मला कळलं ते पण त्याच्या बाजूच्या पोरामुळे.

सर वाईट नव्हते हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण कळल्यावर त्यांनी स्वतः येऊन मला सॉरी म्हटलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी अॅडमिशनच्या वेळेस सांगायला गेली होती तर ऑफिसात म्हटले ताई, दाखला जोडा, बाकी काही लागत नाही. दाखला घरी आल्यावर नीट वाचला. नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. मातृभाषेपुढे मराठी लिहिलंय, ते सुद्धा अर्धं खरं, घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि घाबरला की त्याच्या तोंडून तेवढीच निघते. झाकणाचं कुठेच नाही. घंटेचं नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र होतं, त्यावर दिव्यांगत्वाचे टक्के आहेत, पण टक्के बघून कोणाला काय कळणार साहेब.

कायदा मी वाचला नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग कायदा सांगतो की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळेने त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. बरोबर आहे. पण गरज काय ते शाळेला कळणार कसं? ज्यांना माहीत ते चौथीला मागे राहिले. 2024 ला सरकारने 4860 विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, चांगलं केलं, पण एका शिक्षकाकडे पूर्ण केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या गटातल्या सगळ्या शाळा असतील तर तो माझ्या मुलाच्या वर्गात शाळेच्या पहिल्या आठवड्यात किती वेळ उभा राहणार? आणि जे मूल विशेष शाळेतून साध्या शाळेत येतं त्याचं तर अजून वेगळं, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, साधी शाळा तुमच्याकडे, म्हणजे पोरगं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं, मध्ये आईबाप फाइल घेऊन फिरतात.

तुम्हाला हे जमत नाही असं तर मुळीच नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देता ना, की मूल जिथे जाईल तिथे त्याचं शिक्षण चालू राहावं. नंदुरबारकडून किती मजूर दरवर्षी बाहेर जातात, त्यांना ते पाहिजेच. पहिलीत येणाऱ्यांसाठी 2022 पासून 'पहिले पाऊल' चे मेळावे घेता, गावात रॅली निघते. पहिलीला पाऊल टाकताना एवढं करता तर पाचवीला, आठवीला, अकरावीला जाताना आमच्या मुलांचं पाऊल कोणी धरायचं?

मी जास्त काही मागत नाही. एक पानाचा फॉर्म, दाखल्याबरोबर सक्तीने, चौथीच्या बाईंनी आणि आईने मिळून भरलेला, पाणी कसं मागतो, संडासला कसं सांगतो, कशाला घाबरतो, घाबरला तर काय केल्यावर शांत होतो. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते तेव्हा मुलाला दोनदा नव्या शाळेत न्यायचं, एकदा वर्ग रिकामा असताना आणि एकदा भरलेला असताना, त्याचा बाक, नळ, संडास दाखवायचा, बेल वाजवून दाखवायची. मे महिन्यात नको, तेव्हा इकडे 44-45 डिग्री असतं. जुन्या बाई आणि नवे वर्गशिक्षक एक तास समोरासमोर बसले पाहिजेत आणि तो तास ड्युटीत धरा, नाहीतर बाई स्वतःच्या सुट्टीत आणि स्वतःच्या पेट्रोलने किती दिवस करतील. आणि ढोल-ताशा ठेवा, फक्त ज्या मुलाला सहन होत नाही त्याला मागच्या गेटने आत घ्या, एवढं कोणी जीआर काढल्याशिवाय करत नाही म्हणून लिहिलं.

माझ्या जावेची मुलगी यंदा चौथीत आहे, 15 जूनला त्याच हायस्कूलला जाणार. तिला कमी ऐकू येतं, डाव्या कानाला मशीन आहे. आम्ही दोघी रविवारी बाईंकडे जाऊन बसलो आणि वहीच्या पानावर लिहून काढलं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तिला ओठ दिसले पाहिजेत. मशीनचा सेल संपला की ती सांगत नाही, नुसती कान चोळत बसते, दप्तराच्या छोट्या खिशात जादाचा सेल असतो. हाक मारून ओ दिली नाही तर उद्धट समजू नका. बाईंनी खाली सही केली. ते पान घेऊन मी हायस्कूलला गेली तर ऑफिसात म्हटले, ताई, याच्यावर शिक्का नाही, फाइलला लावता येणार नाही. शिक्का कोणाचा पाहिजे ते त्यांना पण सांगता आलं नाही, तर तेवढं 15 जूनच्या आधी कळवा.

तुमची,
चोपडा तालुक्यातली एक आई