गेमचे मेनू बोलायचे थांबले, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि गेम निर्मिती विभाग

विषय: ताज्या अपडेटनंतर बंद पडलेलं मेनूवाचन आणि त्यावर मिळालेलं उत्तर

महोदय / महोदया,

मी पूर्ण अंध आहे. तुमचा साहसी गेम मी विकत घेतला, तो त्याच्या माहितीत ‘मेनूवाचनाची सोय आहे’ असं लिहिलं होतं म्हणून. ताज्या अपडेटपर्यंत ते खरंही होतं. त्या अपडेटमध्ये तुम्ही मेनू नव्याने घडवलेत आणि वाचन गेलं. सुरुवातीचा पडदा अजून बोलतो: ‘पुढे खेळा’, ‘सेटिंग’, ‘बाहेर पडा’. त्याच्या आत गेलं की सगळं गप्प.

सामानाच्या पिशवीत काय होतं ते सांगते. पूर्वी एकेका खणावर गेलं की वस्तूचं नाव, तिचे नग आणि तिचा उपयोग क्रमाने ऐकू यायचा. आता प्रत्येक खणावर नुसतं ‘स्लॉट’, ‘स्लॉट’, ‘स्लॉट’. जखम भरणारं औषध आणि शत्रूवर फेकायची विषाची कुपी, दोन्ही निवडताना एकच ‘टक्’ वाजतं. भर लढाईत हाताला काय लागलंय हे ते वापरून टाकेपर्यंत कळत नाही. नकाशा गप्प, कौशल्यांचं पान गप्प. दुसऱ्या खेळाडूने चॅटमध्ये काही लिहिलं तर संदेश आल्याची घंटी वाजते, पण त्याने काय लिहिलं ते वाचलं जात नाही.

सगळ्यात मोठं नुकसान सेव्ह करताना झालं. ‘जुन्या सेव्हवर नवा सेव्ह लिहायचा का?’ हा प्रश्न आता वाचला जात नाही आणि त्याचं आधीच निवडून ठेवलेलं उत्तर ‘हो’ असतं. नेहमीच्या बटणाने मी पुढे गेले आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत आणलेला माझा खेळ पुसला गेला. तिथे काही प्रश्न विचारला होता हे मला नंतर एका डोळस मैत्रिणीने सांगितलं. असा, मागे फिरता न येणारा प्रश्न मुका ठेवणं आणि त्याचं उत्तर ‘हो’ ठेवणं, ही साधी चूक मी मानत नाही. अपडेट बाहेर पडण्याआधी एकाही अंध माणसाने तो खेळून पाहिला नव्हता, एवढं त्यावरून स्पष्ट होतं.

तक्रार नोंदवल्यावर ग्राहक सेवेने माझ्याकडे अडचण दाखवणारा स्क्रीनशॉट मागितला. मागितला म्हणून मी पाठवला. त्यावर उत्तर आलं, ‘चित्रात मेनू व्यवस्थित दिसत आहे, त्यामुळे ही तक्रार बंद करत आहोत.’ मेनू दिसतो की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. तो बोलत नाही, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं. तक्रार पुन्हा उघडल्यावर सल्ला मिळाला की तोवर जवळच्या कोणाची तरी मदत घ्यावी. मदत करणारी माणसं मला आहेत आणि त्यांचे उपकार मी मानते. पण मी खेळते ते एकटीने, हेडफोन लावून, माझ्या वेळेला. पिशवीत काय आहे हे प्रत्येक वेळी दुसऱ्याला विचारायचं असेल तर तो खेळ त्याचा झाला, मी नुसती बटणं दाबणारी उरले. डोळस ग्राहकाचा पडदा काळा पडला असता तर त्याला तुम्ही शेजाऱ्याला विचारून खेळा असं सांगितलं नसतं.

हे पत्र तुमच्या निर्मिती विभागातही वाचलं जावं, म्हणून थोडं तांत्रिक लिहिते. संकेतस्थळावरचा किंवा साध्या ॲपमधला मजकूर संगणकाला मजकूर म्हणून माहीत असतो, त्यामुळे एनव्हीडीए, टॉकबॅक, व्हॉइसओव्हर असे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारे प्रोग्राम, तो उचलून वाचतात. गेममध्ये सहसा तसं नसतं. गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, अक्षरंसुद्धा चित्रासारखी स्वतः रंगवतं आणि स्क्रीन रीडरला बाहेरून फक्त एक कोरी खिडकी मिळते. म्हणून गेमनेच मजकूर वाचनयंत्रणेकडे सोपवावा लागतो. नवे खण बनवताना ते सोपवणं राहून गेलं, असा माझा अंदाज आहे. चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय एनव्हीडीएमध्ये आहे आणि तीही मी वापरून पाहिली. मागे हलतं दृश्य आणि वर नक्षीदार अक्षरं असली की ती अडखळते. एखादं पान नीट वाचलं गेलं तरी त्यातली कोणती ओळ आत्ता निवडलेली आहे हे ती सांगू शकत नाही. लढाई चालू असताना तर तिचा काहीच उपयोग नाही.

ग्राहक सेवेच्या उत्तरात ‘या प्रकारच्या गेममध्ये पूर्ण सुगम्यता कठीण असते’ असंही एक वाक्य होतं. सुगम्यता म्हणजे अपंग माणसालाही वापरता येणं. ती कठीण असते हे मला मान्य नाही. २०२० मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये सुगम्यतेच्या साठहून अधिक सेटिंग होत्या. मेनू वाचले जायचे, एक बटण दाबलं की पुढच्या वाटेकडे तोंड वळायचं, कड्यावरून पडू नये म्हणून अडसर लावता यायचा आणि प्रत्येक आवाजाचा अर्थ समजावून देणारी यादी गेममध्येच होती. अंध खेळाडूंनी तो गेम शेवटपर्यंत पूर्ण केला. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये प्रतिस्पर्धी किती लांब आहे ते आवाजावरून कळतं. त्याच वर्षी ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ने अंधांना गाडी चालवता येईल अशी सोय दिली. वळण कुठे येतंय, किती तीव्र आहे, रस्त्याची कड किती जवळ आली, हे सगळं कानाला कळतं. ब्रँडन कोल हे अंध सल्लागार त्या कामात सुरुवातीपासून सोबत होते. शर्यतीच्या गेममध्ये हे होऊ शकतं, तर पिशवीतल्या औषधाचं नाव वाचून दाखवणं अवघड आहे हे मी कसं मानू?

साधनंही आता हाताशी आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये गेम बनवणाऱ्यांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं सर्वांसाठी खुली केली. त्यातलं १०६ क्रमांकाचं तत्त्व नेमकं पडद्यावरच्या वाचनाबद्दल आहे. गोडो हे फुकट मिळणारं इंजिन आहे, त्याच्या २०२५ मधल्या ४.५ या आवृत्तीत स्क्रीन रीडरसाठी आधार आला. जिथे कंपन्या काही करत नाहीत तिथे खेळाडू स्वतः राबतात. ‘हार्थस्टोन’ हा पत्त्यांचा गेम अंधांना खेळता यावा म्हणून स्वयंसेवकांनी स्वतंत्र मॉड, म्हणजे मूळ गेमला बाहेरून जोडायचा प्रोग्राम, लिहिला आहे. अशा मॉडचं दुखणं एकच, मूळ गेमचं अपडेट आलं की ते मोडतात आणि कोणीतरी पुन्हा रात्री जागून ते दुरुस्त करायला बसतं. या लोकांबद्दल मला फार आदर आहे, पण पैसे घेऊन गेम विकणाऱ्याचं काम त्यांच्यावर पडू नये.

चॅटचा मुद्दा तुमच्या कायदा विभागाकडेही द्यावा. अमेरिकेतल्या २०१० च्या सुगम्यता कायद्यात गेममधल्या संवादाच्या सोयी येतात आणि त्यातून गेमना मिळालेली सूट २०१८ च्या अखेरीस संपली. तुमचा गेम तिथेही विकला जातो.

आता एक गोष्ट, जी तक्रार नाही. तुमच्या ध्वनी विभागाने जे काम केलं आहे ते उत्तम आहे. डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज कानांना सहज ओळखता येतो, कारण तो एका कानात जरा आधी आणि जरा मोठा पोहोचतो. समोरचा आणि मागचा आवाज मात्र दोन्ही कानांत जवळजवळ सारखाच येतो आणि तिथे भले भले गेम फसतात. तुमच्या गेममध्ये पाठीमागचा आवाज किंचित दबलेला येतो, त्यामुळे मागून कोणी येत असेल तर मी वेळेत वळते. उघड्या दारापाशी वाऱ्याचा सूर बदलतो. दगडी जमिनीवरून ओल्या मातीवर आलं की पाऊल वेगळं वाजतं आणि गुहेत शिरल्यावर स्वतःच्याच पावलांच्या घुमण्यावरून छत किती उंच आहे याचा अंदाज येतो. त्या गुहेच्या प्रकरणात मी कितीतरी वेळ काहीच न करता नुसती फिरत होते. इतकं बारीक काम ज्यांनी केलं, त्यांचा गेम मी आता मेनूपायी खेळू शकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताज्या अपडेटमध्ये लढाईचं संगीतही मोठं झालं आहे, त्यात शत्रूची पावलं बुडतात. संगीत वेगळं कमी करण्याची सोय आवाजाच्या सेटिंगमध्ये आहे असं मैत्रीण सांगते. ते पानही बोलत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. नवे मेनू दुरुस्त होईपर्यंत जुने बोलणारे मेनू निवडण्याची सोय परत द्या. सेव्ह पुसणाऱ्या प्रश्नाचं आधीच निवडलेलं उत्तर ‘नाही’ करा, हा बदल तर मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवून ठेवण्याचं काही कारण नाही. माझा पुसला गेलेला सेव्ह तुमच्या सर्व्हरवर शिल्लक असेल तर तो परत मिळावा. यापुढे प्रत्येक अपडेट बाहेर काढण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी पडदा बंद करून पिशवी, दुकान, नकाशा आणि सेव्ह एवढं तरी करून पाहावं, आणि अंध परीक्षकांना योग्य मोबदला देऊन या कामावर घ्यावं. फुकट मत द्या असं आम्हाला वारंवार सांगितलं जातं. ते काम आहे आणि कामाचे पैसे असतात. हे होईपर्यंत गेमच्या माहितीतलं ‘मेनूवाचनाची सोय आहे’ हे वाक्य काढून टाका, म्हणजे आणखी कोणी त्यावर विश्वासून पैसे घालवणार नाही.

मला पैसे परत नको आहेत, गेम परत हवा आहे. दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लेखी कळवावं. तारीख देणं शक्य नसेल तर तसं स्पष्ट लिहावं, मग पैसे परत घेण्याचा विचार मी करेन. उत्तर ईमेलमध्ये साध्या मजकुरात पाठवावं. मागचं उत्तर चित्र म्हणून जोडलेलं होतं आणि ते मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं.

कळावे,
आपली एक ग्राहक