पुलावर थांबलेल्या मॅडमना

मॅडम, नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण थँक्यू म्हटल्याशिवाय राहवेना.

इथे मिनेसोटात बाबांचं आठवड्यातून 3 दिवस डायलिसिस, आणि आमच्या वस्तीतून बाहेर पडायला रस्ता एकच, त्यावर तो छोटा पूल. जानेवारीत त्याच्यावर ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ, झाला की वाटतं नुसता ओला डांबरी रस्ता आहे आणि गाडी जाते गरागरा फिरत, एकदा आम्ही कठड्याला जाऊन टेकलोय. दोन वर्षं रस्त्यांच्या ऑफिसात फोन करत होते, उत्तर ठरलेलं, तुमच्या रस्त्यावर गाड्या कमी, बर्फ काढायला नंबर शेवटी लागेल. एकाने तर सांगितलं बर्फ वितळायला तुम्हीच मीठ टाका! मायनस 10 सेल्सियसच्या खाली साधं मीठ जवळपास कामच करत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसावं (पगार मात्र त्याच कामाचा).

मग तुम्ही भेटलात आणि म्हणालात, गाड्या किती ते सोडा, हा तुकडा बंद पडला तर कोण कोण अडकतं ते मोजायचं. इतकं साधं होतं हे.

पण मला लिहायचंय ते त्या पहाटेचं. साडेपाचला तुम्ही पुलावर तापमान घ्यायला आलात, बाबा कानटोपी घालून गाडीत, तुम्ही काच खाली करायला लावलीत आणि ते पिस्तुलासारखं थर्मामीटर सरळ त्यांच्या हातात दिलंत, "काका, रीडिंग तुम्ही घ्या." बाबांनी 28 वर्षं एसटी चालवलीय, खंबाटकीत, पसरणीत, धुक्यात, पावसात. इथे आल्यापासून रस्त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळे पेशंट म्हणूनच बोलतात, मीसुद्धा. रस्ता मायनस 1, पूल मायनस 5. "त्याला खालनं पण वारा लागतो, जमिनीची ऊब कुठली," बाबाच म्हणाले, आणि तुम्ही वहीत आकड्यापुढे लिहिलंत, 'रीडिंग: काका'. थंडीने डोळ्यांतून पाणी येतंय असं मी म्हटलं ते खोटं होतं.

पुढे तुम्ही कुणाशी काय भांडलात देव जाणे. आता बर्फ यायच्या आधीच ट्रक येऊन 23 टक्क्यांचं मिठाचं पाणी मारून जातो, रस्त्यावर पांढऱ्या रेघा उमटतात, मग बर्फ घट्ट धरत नाही आणि प्लाऊ (बर्फ ढकलणारी गाडी) तो सहज खरवडून नेतो, मीठही कमी लागतं, तळ्यात कमी जातं. शिकलेली माणसं पुष्कळ बघितली हो, पण समोरच्या म्हाताऱ्यालाही काही कळत असेल असं धरून चालणारी फार थोडी.

बाबा हल्ली ट्रकची वाट बघत खिडकीत उभे असतात. काल दहा मिनिटं उशीर झाला तर म्हणाले, डेपोतनंच लेट सुटला असणार. आणि ते पिस्तूल घेऊन मॅडम परत कधी येणार, हे रोज विचारतात.