बाबू, तुझा फॉर्म मी भरला

चि. बाबूस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "नंतर बोलतो" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहून पार्सलात घालते आहे. सूनबाईवर चिडू नकोस. तिने सांगितलं नसतं तर कंपनीच्या तपासणीत तुझं बीपी १५२/९८ आल्याचं मला दिवाळीपर्यंत कळलं नसतं.

काल रात्री बसून तुझा बीपी-साखरेच्या धोक्याचा फॉर्म भरला. आशाताई म्हणून गावातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भरते, तोच. वय ३३, गुण १. तंबाखू नाही, शून्य. दारू रोज नाही असं तू सांगतोस, तेही शून्य धरलं. कंबर? गेल्या दिवाळीत तुझी पँट उसवून मीच सैल केली, तेव्हा टेपवर ९४ सेंटिमीटर होती. पुरुषाची नव्वदच्या वर गेली की १. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम? लोकलला लोंबकळणं त्यात धरत नाहीत, आणखी १. शेवटचा रकाना, आईवडील-भावंडांपैकी कुणाला बीपी, साखर, हृदयाचा आजार? तिथे "हो" लिहिलं, २ गुण. बेरीज ५. चारच्या वर गेलेल्याच्या दारात मी दोन-दोनदा जाते, हाताला धरून उपकेंद्रात आणते. डोंबिवलीत तुला कोण आणणार?

"मला काही होत नाही" म्हणालास म्हणे. अरे, बाबांनाही काही होत नव्हतं. गोळी चालू होती, उपकेंद्रात १२८/८२ आलं, तर म्हणाले, "झालं की बरं, आता कशाला?" ते बरं गोळीमुळे होतं. हे मी गावभर सांगत फिरते आणि माझ्याच घरात गणपतीच्या गडबडीत डब्यातल्या गोळ्या तशाच पडून राहिल्या. मला दिसलं नाही असं म्हणणार होते, पण दिसलं होतं. सणासुदीत वाद नको म्हणून बोलले नाही. पुढे काजूच्या दिवसांत बागेत त्यांची जीभ जड झाली. ऊन लागलं असेल म्हणून लिंबूपाणी देऊन पडवीत निजवलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आम्ही गाडी बघून हॉस्पिटलात पोचलो तोवर दिवेलागण झाली होती. तुला तेव्हा "अचानक झालं" असं कळवलं. अचानक काही नव्हतं, झिला.

आता तुझं. एका आकड्यावर बीपी ठरत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण मग परत मोजायला हवं की नको? पार्सलात मशीन ठेवलं आहे, दंडावर बांधायचं. मनगटावरची घेऊ नकोस. चहा, जिना यांनंतर अर्धा तास जाऊ दे. लघवीला जाऊन ये. पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटं गप्प बस, मोबाइल लांब ठेव. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराने पुन्हा एकदा. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस, आणि आकडे वहीत. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी घरी १३५/८५ किंवा वर आली तर बीपी आहे. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते. गावात एकजण गप्पा मारतच हात पुढे करतो आणि मग मशीन खोटं बोलतं म्हणतो!

सरासरी कितीही येवो, वही घेऊन डॉक्टरकडे जा. इतक्या लवकर बीपी वाढलं तर किडनी, थायरॉईड बघावं लागतं. रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, लघवी, ईसीजी, साखर, हे होऊ दे. आणि तू घोरताना मध्येच श्वास अडकतो असं सूनबाई म्हणते, ते लाजून लपवू नकोस. त्यानेही बीपी चढतं. कंबरेसाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खातोस त्याही सांग, त्या बीपी वाढवतात.

गोळी लागली की सुटत नाही, याची तुला भीती. चष्म्याला असं कुणी म्हणत नाही. वजन पाच-सहा किलो उतरलं, चालणं टिकलं, तर डॉक्टरच डोस कमी करतात. कुणाची बंदही होते, पण ती त्यांनी करायची. पाय सुजले, कोरडा खोकला लागला, तर गोळी बदलून मिळते. शेजारच्याची खाऊ नकोस. लसूण चटणीत खा, पोटभर खा, पण त्याने १५२ खाली येतं असं मला कुणी शिकवलेलं नाही.

मिठाचं मात्र मलाच कबूल करायला हवं. माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. मी तुला वर्षानुवर्षं काय पाठवलं? खारवलेला सुका बांगडा, सांडगी मिरची, खारातली कैरी, पापड. पापडात मीठ तर असतंच, वर पापडखार, त्यातही सोडियमच. सोलकढीला आपण मीठ बेताने घालतो, पण आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, ते आधीच ओतलेलं असतं हे माझ्याही ध्यानात यायला इतकी वर्षं गेली. सैंधव आणलंस असं ऐकलं. ते गुलाबी असलं तरी मीठच आहे. दुकानात कमी सोडियमचं मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, तेव्हा रिपोर्ट येऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच आण. तुझ्या ऑफिसखालच्या वडापावाबद्दल मी काही बोलत नाही.

तर या खेपेला पार्सल हलकं वाटेल. कोकमं आहेत, पण मीठ न लावता उन्हात वाळवलेली, म्हणून लवकर संपव किंवा फ्रिजात ठेव. कुळथाचं पीठ, नाचणी, लाल चवळी आहे. सुकी मासळी नाही. मासळीवर अगदीच जीव गेला तर ताजा बांगडा आण आणि तिखट-कोकमात कर, मिठाला चिमूट. पहिले आठ दिवस बेचव लागेल. मलाही लागलं, बाबा तर दोन दिवस ताटावर रुसले होते. आता बाहेरचं खारट लागतं त्यांना.

रविवारी रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठव. नाही आला तर सोमवारच्या रातराणी एसटीने मी येते. सुट्टी टाकून ठेवली आहे.

तुझी आई

ता.क. काजू बाबांनी वेगळे बांधलेत, बिनमिठाचे. गाठ डाव्या हाताची आहे, सैल बसली आहे. पिशवी सरळ धरून सोड, नाहीतर सगळे सांडतील.