सरासरी सारखी म्हणजे गट सारखे?

संपादक साहेब, नमस्कार.

वर्गात अभ्यासगट पाडायचे म्हटलं की आपण शिक्षक दोनच गोष्टी करतो, रोल नंबरने चार-चार पोरं मोजायची नाहीतर "तुमचे तुम्हीच पाडा" म्हणायचं. मग दोस्त दोस्त एकत्र जातात आणि ज्यांना कोणीच घेतलं नाही अशांचा शेवटी एक गट होतो. हे काम कॉम्प्युटरला द्यावं असं माझं मत आहे, पण डोळे झाकून नाही.

हाताने जमणारं हे काम नाहीच. 20 जणांचे चार-चारचे 5 गट 254 कोटींहून जास्त प्रकारे पडतात, एकेक तपासत कोण बसणार! ऑप्टिमायझेशनमध्ये (म्हणजे अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधण्याच्या गणितात) प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रत्येक गटासाठी 0 किंवा 1 असा रकाना ठेवतात, म्हणजे 100 रकाने, मग अटी घालायच्या, एक मूल एकाच गटात, गटात चारच जण, आणि सगळ्यात वरच्या आणि खालच्या गटाच्या सरासरी मार्कांतला फरक कमीत कमी कर म्हणायचं. एक्सेलमध्ये असं उत्तर शोधून देणारं सॉल्व्हर असतं, त्याला 200 रकान्यांपर्यंत झेपतं. 40 जणांचे 10 गट म्हणजे 400, तिथे फुकटची दुसरी सॉफ्टवेअर आहेत, नाहीतर सरळ दोन गटांतली दोन पोरं अदलाबदल करून बघायची, फरक कमी झाला तर ठेवायचं नाहीतर परत जागेवर (बेस्ट उत्तर मिळेलच असं नाही पण काम भागतं).

मी पहिल्यांदा केलं तेव्हा फक्त सरासरी सारखी करायला सांगितली. सगळे गट 60 वर आले, मी खूश. नंतर बघतो तर एका गटात 90, 90, 30, 30 आणि दुसऱ्यात चौघंही 60 वाले. पहिल्यात दोघं सोडवायचे, दोघं उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्यात एकदा अडलं की सगळेच अडायचे. मी जे मागितलं तेच मशीनने दिलं होतं ना!

आता मी एकूण मार्क बघतच नाही, विषयवार घेतो, गटातल्या मार्कांच्या चढउताराची पण अट घालतो, आणि मुलगी गटात एकटी पडू नये म्हणून एकतर एकही नाही नाहीतर किमान दोन. अटी जास्त झाल्या की उत्तरच निघत नाही, मग कुठली सोडायची हे आपणच ठरवायचं, ते सॉल्व्हरवर ढकलता येत नाही.

आणि हो, फळ्यावर गटांची यादी लावाल तेव्हा खाली अटी पण लिहा, नाहीतर पोरं म्हणतात सरांनी मुद्दाम टाकलं.

– एक गणित शिक्षक