सोनूला पत्र: आकडा येतो कुठून

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझं काम नक्की काय, ते परवा फोनवर सांगितलंस. रात्री मी तेच मनात घोळवत होतो. दुकानं, बँका, वाहतूकवाले, दवाखाने, सगळ्यांचे आकडे तुमच्याकडे येणार आणि कुठला माल किती मागवायचा, कर्ज कुणाला द्यायचं, खर्च कुठं वाचतो हे त्यातून तुम्ही सांगणार. काम मोठं आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र. आकडा हातात आला की तो कुठून आला, ते आधी जाऊन बघायचं. स्वतः.

मी दूध संघात संकलन विभागात होतो तेव्हाचं सांगतो. एका गावच्या संस्थेचं पहाटेच्या टँकरचं दूध मधूनमधून फॅटला कमी लागायचं. गायीचं दूध, एरवी साडेतीन टक्के फॅटला सहज पास होणारं, ते एकदम तीनच्या खाली यायचं. एसएनएफ, म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात उरणारा घन भाग, मात्र जागच्या जागी, उलट किंचित वरच. पाणी घातलं असतं तर दोन्ही पडलं असतं. म्हणून कचेरीत सगळ्यांचं एकमत झालं, की गावात साय काढून घेतात. दर कापण्याची नोटीससुद्धा टाइप झाली.

मी कमी फॅटच्या तारखा काढल्या आणि त्यांच्यासमोर त्या भागातल्या भारनियमनाचं वेळापत्रक मांडलं. पहाटे वीज नसलेले दिवस आणि हे दिवस जवळजवळ एकच निघाले. पण असं का, ते कागदावरून उलगडेना. मग टँकरबरोबर गेलो. रात्रीचं दूध बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीत, वीज गेलेली, आतली ढवळणी बंद. साय वर आलेली. टँकरवाल्याने खालचा कॉक उघडला, नमुन्याची बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली. प्रयोगशाळेत जात होतं ते हे तळाचं दूध! मी प्लंजर, म्हणजे दूध ढवळायचा दांडा, मागवला, दूध चांगलं वरखाली करायला लावलं आणि दुसरी बाटली भरून घेतली. दोन्ही एकदमच तपासल्या. दुसरीचं फॅट व्यवस्थित लागलं. नोटीस फाडली गेली आणि न ढवळता नमुना घ्यायचा नाही, असा लेखी आदेश सगळ्या मार्गांवर गेला.

यात कचेरीतल्या तक्त्याची बेरीज कुठंही चुकली नव्हती, मशीनही बरोबर होतं. तरी दोन-दोन गायींवर घर चालवणाऱ्या बायकांवर चोरीचा आळ येणार होता. ही गोष्ट मला अजून लागते.

आता तू ज्या मोठ्या कंपन्यांची नावं घेतेस त्यांच्याकडेही याच नजरेने बघ. अमेरिकेतल्या वॉलमार्ट या दुकानांच्या मोठ्या साखळीचं उदाहरण तुम्हाला शिकवलं असेलच. 2004 मध्ये फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाकडे निघालं होतं. काही आठवड्यांपूर्वी चार्ली येऊन गेलं, त्या वेळी दुकानांतून काय खपलं होतं ते कंपनीने तपासलं. टॉर्च वगैरे खपणार हे कुणीही सांगेल. पण स्ट्रॉबेरीच्या पॉप-टार्टचा, म्हणजे आत गोड सारण भरलेल्या तयार पाकीटबंद खाऊचा, खप नेहमीच्या सातपट झाला होता आणि सगळ्यात जास्त मागणी बिअरला होती. पॉप-टार्टला चूल लागत नाही, टिकतातही. ट्रक भरून माल आधीच त्या रस्त्याला लागला. हा आकडा खरा ठरला, कारण तो लोकांनी पैसे मोजले त्या गल्ल्यावर तयार झाला होता.

यूपीएसची गोष्ट मला जास्त आवडते. घरोघर पार्सलं पोचवणारी ही कंपनी. कुठल्या क्रमाने फिरलं तर कमी अंतर पडेल, हे सांगणारी ओरायन नावाची प्रणाली त्यांनी केली. त्यातून वर्षाला सुमारे 10 कोटी मैल वाचतात, असं कंपनी सांगते. पण गणित करणाऱ्यांना आधी नकाशेच दुरुस्त करावे लागले. बाजारातल्या नकाशात रस्ता असतो, गाडी नक्की कुठल्या फाटकातून आत घालायची ते नसतं. शिवाय मशीनने काढलेला सगळ्यात छोटा मार्ग चालकांना अनेकदा पटायचा नाही. रोजच्या गिऱ्हाइकाची वेळ सांभाळावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं ऐकून नियम बदलले, तेव्हा कुठे ती प्रणाली कामाला आली.

आणि हे तर तू लक्षात ठेवच. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला एक प्रणाली बनवत आणली होती. तिला शिकवायला आधीच्या 10 वर्षांचे अर्ज दिले, आणि त्यात बहुतेक पुरुषांचे. मग अर्जात बायकांच्या संस्थेचा, मुलींच्या कॉलेजचा उल्लेख दिसला की ती गुण कमी करू लागली. शेवटी ते काम सोडून द्यावं लागलं, 2018 मध्ये ही बातमी बाहेर आली. तुझ्यासारख्या किती मुलींना तिने मागे ढकललं असतं! जुन्या निवडीत जे होतं, तेच तिने इमानदारीने उचललं.

तुझं पहिलं काम औषध दुकानांच्या साखळीचं आहे म्हणालीस, कुठलं औषध किती ठेवायचं ते काढायचं. बिलांची यादी तुझ्याकडे येईल. पण ‘संपलंय’ ऐकून जे गिऱ्हाईक परत गेलं, ते कुठल्याच बिलात नसतं. ज्या औषधाचा खप शून्य दिसतो, ते महिनाभर फळीवरच नसेल. साठ्याची तारीखवार नोंद माग. एखाद्या दुकानात पगाराच्या आठवड्यात संध्याकाळी काउंटरमागे बसून ये, आणि एकदा महिनाअखेरीस. म्हातारी माणसं अख्खी पट्टी न घेता चार-चार गोळ्या कापून मागतात, ती विक्री संगणकात कशी चढवतात ते बघ. तिथल्या पोराला नाव विचार, चहा पाज, तो सगळं सांगेल.

साहेब म्हणाले, की जायची काय गरज, तर रविवारी जा. रिक्षाचं भाडं मी पाठवतो.

तुझे,
बाबा